बेंजोवरचा ट्रम्पेट

बेंजोवर ‘अलबेला’ सिनेमातलं ‘भोली सूरत’ वाजवायचं तर पहिली अडचण श्वासाची येते. मूळ गाण्यात ट्रम्पेटवाला एक सूर धरतो आणि छातीत हवा आहे तोवर सोडत नाही. तारेला छाती नाही. छेडली की सूर निघतो आणि निघाल्या क्षणापासून विझत जातो. मग डाव्या हाताच्या बोटाने की दाबून धरायची आणि उजव्या हातातली प्लास्टिकची पट्टी त्याच तारेवर खाली-वर, खाली-वर अशी पळवायची, की ऐकणाऱ्याला तो सलग सूर वाटावा. पहिल्या तासात मनगट भरून येतं. दुसऱ्या तासात बधिर होतं, त्यानंतर काही जाणवत नाही. परळहून निघालेली विसर्जनाची मिरवणूक चौपाटीला पोचेपर्यंत रात्र सरायला यायची, आणि त्या सगळ्या वेळात ‘भोली सूरत’ निदान वीस वेळा व्हायचं.

मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलो. दिवसा छापखान्यात खिळे जुळवायचो. सणासुदीला आणि वरातींना बेंजो. आमची पार्टी आठ जणांची. एक बेंजो, दोन ताशे, ढोल, साइड ड्रम, खुळखुळे, आणि हातगाडी ओढायला दोघं. हातगाडीवर बॅटरी, अ‍ॅम्प्लिफायर आणि कर्णा. सुपारी द्यायला आलेली मंडळी गाण्यांची यादी घेऊन यायची. दरवर्षी यादीतली निम्मी गाणी नवी असायची, कारण दरवर्षी नवे सिनेमे. ‘भोली सूरत’ मात्र कुणी कधी यादीत लिहिलं नाही. ते वाजणारच, हे सगळ्यांनी धरलेलं असायचं. १९५१ सालच्या सिनेमातलं गाणं, आणि मी ते १९९८ मध्येही वाजवत होतो. सत्तेचाळीस वर्षं एखादं सिनेमाचं गाणं रस्त्यावर टिकतं ते का, हा प्रश्न मला त्या हातगाडीच्या मागे चालतानाच पडला. वाजवणं सुटलं तरी तो सुटला नाही.

आमचं वाद्यही लांबून आलेलं. अमेरिकेतला खरा बँजो आणि आमचा बेंजो यांचा नावापलीकडे संबंध नाही. आमच्या वाद्याचं पुस्तकी नाव बुलबुल तरंग, आणि त्याचा मूळ पुरुष जपानी. नागोया शहरात १९१२ साली मोरिता गोरो या माणसाने लांबट पेटीवर तारा ताणल्या आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारख्या की बसवल्या. त्याचं नाव ताइशोगोतो. ज्याला स्वरज्ञान नाही, ज्याला गुरू परवडत नाही, अशा माणसाला आकड्यांवरून गाणं वाजवता यावं असं ते वाद्य. आपल्याकडे आल्यावर ते अशाच माणसांच्या हाती गेलं. मी कुणाकडे शिकलो नाही. मोठ्या भावाच्या मित्राचा बेंजो गॅलरीत ठेवलेला असायचा, त्यावर बोटं ठेवून ठेवून शिकलो. की सापडली की गाणं सापडलं.

पण गाणं कुणी केलं होतं? सिनेमाच्या पाटीवर नाव होतं सी. रामचंद्र. रामचंद्र नरहर चितळकर, जन्म १९१८, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. शिक्षण गांधर्व महाविद्यालयात, विनायकबुवा पटवर्धनांकडे. म्हणजे अस्सल रागदारीचा पाया. सिनेमात आले ते नट व्हायला, ते जमलं नाही, मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियम वाजवू लागले. त्यांना संगीतकार म्हणून पहिली संधी मिळवून दिली ती भगवान यांनी. दोघंही तेव्हा कुणी नव्हते. भगवान आबाजी पालव हा गिरणी कामगाराचा मुलगा, कुस्तीचा शौकीन, कमी पैशांत मारधाडीचे सिनेमे काढणारा. ते सिनेमे कामगार वस्तीत चालायचे आणि बाहेर कुणाला माहीत नसायचे. त्याच भगवाननी १९५१ मध्ये स्वतःच निर्माता, दिग्दर्शक आणि नायक होऊन ‘अलबेला’ काढला. समोर गीता बाली. गीतं राजेंद्र कृष्ण यांची. संगीत अण्णांचं, सी. रामचंद्रांना सगळे अण्णा म्हणत.

त्या सिनेमातली एक लोरी पिलू रागात आहे आणि ती ऐकताना विनायकबुवांचा शिष्य स्पष्ट ऐकू येतो. त्याच सिनेमात, त्याच माणसाने, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, बोंगो आणि खुळखुळे घेऊन अशी गाणी केली, की थिएटरात माणसं खुर्चीवरून उठली. मला त्या दोन्हींत विरोध कधी वाटला नाही. ज्याला पिलू कळला त्यालाच स्विंग कुठे वळतो ते कळणार. अण्णांनी परक्या चाली उचलल्याही. ‘समाधी’तल्या ‘गोरे गोरे’ची चाल एका अमेरिकी सिनेमातल्या गाण्यावर आहे, आणि ते लपून राहिलेलं नाही. पण उचललेली चाल आणि मुरलेली चाल यांत फरक असतो. ‘अलबेला’त सगळं मुरलेलं आहे.

आता नाचाविषयी, कारण माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे.

माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात होते. आमचं गाव संगमेश्वराकडचं. गावी गौरी-गणपतीत जाखडी व्हायची, आणि वडील तरुणपणी तिच्यात नाचलेले. पण जाखडीला पायात चाळ लागतात, मधे ढोलकी आणि गाणारा लागतो, भोवती रिंगण लागतं. पावलं आधी बसवावी लागतात. एकाचं चुकलं की रिंगण मोडतं. मुंबईत आल्यावर गाववाले आणि मोकळी जागा मिळेल तेव्हाच ती जमायची. लेझीमही तशीच, तालमीची. तमाशातला नाच पाहायचा, आपण करायचा नाही. म्हणजे गिरणीतून पाळी संपवून आलेल्या एकट्या माणसाला, कुणी न शिकवता, कपडे न बदलता, रस्त्यात उभ्या उभ्या नाचता येईल असा नाच त्याच्याजवळ नव्हता. तो त्याला ‘अलबेला’त भगवाननी दिला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन्ही हात कोपरात वाकवून छातीपाशी. एक पंजा वर जातो तेव्हा दुसरा खाली. गुडघे जरासे मोडलेले. पाऊल जमिनीवरून उचलायचं नाही, नुसतं सरकवायचं, अर्धी वीत पुढे आणि तेवढंच मागे. कंबर हलते, पण खांद्यांपेक्षा कमी. मान एका बाजूला कललेली, आणि चेहऱ्यावर असं हसू की आत्ताच कुणीतरी आपल्याला चांगली बातमी सांगितली. बस्स, एवढंच. भगवान ठेंगणे होते, अंगाने भरलेले होते, नायकासारखे दिसत नव्हते, आणि म्हणून ज्याला आरसा कधी अनुकूल नव्हता त्या प्रत्येकाला वाटलं की हे मलाही येईल. आणि खरोखरच येत होतं. शिवाय मिरवणुकीच्या गर्दीत माणसाच्या वाट्याला दीड फरशीची जागा येते. हा नाच दीड फरशीत पुरा होतो. भगवाननी तो रस्त्यासाठी बसवला नव्हता, पण रस्त्याला इतका मापात बसणारा दुसरा नाच मी पाहिलेला नाही.

वडील एरवी फार अबोल. घरात मोठ्याने हसलेलं आठवत नाही. पण विसर्जनाला बेंजोने ते गाणं उचललं की हात आपोआप छातीपाशी यायचे. मी वाजवायला लागल्यावर तर कर्ण्यासमोरची जागा त्यांची ठरलेली. बाप माझ्या तालावर नाचतोय, हे समोर बघताना काय वाटायचं ते मला आजही नीट मांडता येत नाही. मनगटाचं दुखणं विसरायला व्हायचं एवढं खरं.

आमच्या पार्टीतल्या ताशेवाल्याचं म्हणणं असं, की गिरणीच्या साच्यांचा खडखडाट कामगारांच्या अंगात भिनलेला होता म्हणून हा ठेका त्यांना लगेच पटला. ऐकायला छान वाटतं. मी वडिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, साच्यात कान बधिर होतात रे, तिथे कसला ताल. मला वडिलांचं पटतं. गिरणीने ठेका दिला नाही. गिरणीने माणसांची गर्दी एका जागी आणली, तिच्या हाती पगाराचे चार पैसे दिले आणि सिनेमाचं तिकीट परवडू दिलं. ठेका आला तो धोबीतलावावरून.

धोबीतलावच्या जेर महालात आणि आसपासच्या गल्ल्यांत गोव्याच्या कूडी होत्या, काही अजून आहेत. कूड म्हणजे एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी घेतलेली जागा. भिंतीला लागून ट्रंका, एका टोकाला वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची. बोटीवर काम करणारे खलाशी, आचारी, आणि त्यांच्यात वादक. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जाई, देवाच्या सेवेसाठी. त्या शिक्षणाच्या जोरावर ही मुलं मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये लागली. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबे या अमेरिकी कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाने आपला बँड ताजमहाल हॉटेलात आणला. मागून टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक आला. त्यांचं जॅझ आपल्या वादकांनी शेजारी बसून ऐकलं, मग त्यांच्याबरोबर वाजवलं, आणि काही वर्षांत स्वतःचे बँड काढले. मिकी कोरिया यांचा बँड ताजमध्ये वर्षानुवर्षं वाजत होता. हळदोण्याचा अँतोनियो शावियर वाझ ट्रम्पेट घेऊन असा उभा राहिला, की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. त्याने नाव घेतलं चिक चॉकलेट.

तेव्हा ताजमधल्या नाचाच्या दिवाणखान्यात माझे वडील शिरू शकले नसते. दारावरच अडवले गेले असते. पण १९५० मध्ये मुंबई राज्यात दारूबंदी लागू झाली, हॉटेलांतल्या रात्री थंडावल्या, आणि या वादकांचा मोठा आधार सुटत गेला. सिनेमाच्या स्टुडिओंना त्यांची आधीपासून गरज होतीच, ती आता दुहेरी झाली. चिक चॉकलेटने अण्णांसाठी पुष्कळ काम केलं. ‘अलबेला’त तो आणि त्याचे वादक पडद्यावरही दिसतात. ताजमधला ट्रम्पेट अशा रीतीने काही आण्यांच्या तिकिटावर वडिलांपर्यंत पोचला, आणि तिथून माझ्या बेंजोत आला.

हे काम कसं चाले ते मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर मी आमच्याच धंद्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. संगीतकार चाल गाऊन दाखवी. सहायक ती सा-रे-ग-म मध्ये टिपून घेई. मग ती जाई अ‍ॅरेंजरकडे, आणि हा बहुधा गोव्याचा. तो पाच रेघांच्या कागदावर ती उतरवी. मुखडा आणि अंतरा यांच्यामधले पीस भरी. गाणाऱ्याच्या मागे व्हायोलिनने काय करायचं, ट्रम्पेटने कुठे गप्प बसायचं, हे ठरवी. मग प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहून काढायचा. रेकॉर्डिंगला सगळे एकाच खोलीत, गाणारेसुद्धा. शेवटच्या ओळीत एकाचं बोट चुकलं तर सगळं पहिल्यापासून. पैसे पाळीवर, गिरणीसारखे. सिनेमाच्या पाटीवर यांची नावं क्वचितच, रेकॉर्डवर नाहीत. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांना जो भव्यपणा दिला, त्याबद्दल माझ्या पिढीतल्या कितीजणांना त्यांचं नाव ठाऊक होतं? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना आणि राहुलदेव बर्मनना व्हायोलिन शिकवलं. १९५८ साली त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मोठा वाद्यमेळ उभा केला, रागांवर स्वतः रचलेलं संगीत वाजवलं, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. १९६५ मध्ये ते अमेरिकेला शिकायला गेले, आणि पुढे सिनेमात वाजवायला आले नाहीत. आम्ही त्यांचं नाव ऐकलं ते १९७७ च्या सिनेमातल्या गाण्यातून, अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभच्या तोंडी. ते नाव प्यारेलालनी गुरूच्या आठवणीसाठी घातलं होतं. मी ते गाणं शेकडो वेळा वाजवलं, आणि हे मला माहीत नव्हतं. याची मला खंत आहे.

सरकारला ही गाणी आवडत नव्हती. १९५२ मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बा. वि. केसकर हे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर कैवारी. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशी झाली. त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. देशाचा कान चांगला व्हावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण कान कुणाचा, हे त्यांनी विचारलं नाही. लोकांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बिनाका गीतमाला सुरू झाली, आणि पुढे अनेक वर्षं बुधवारी रात्री आठला अमीन सायानींचा आवाज घुमत राहिला. आमच्या चाळीत रेडिओ दोघांकडे होता. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत वीस माणसं आणि उरलेली गॅलरीत. कोपऱ्यावरच्या इराण्याकडे एका चहावर तासभर बसू देत, बुधवारी मात्र दुसरा चहा मागवावा लागे. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती निघाली ती लोकांनी आधीच कौल दिल्यामुळे.

त्याच १९५७ मध्ये अण्णांनी ‘आशा’साठी ‘ईना मीना डीका’ केलं. अमेरिकेत रॉक अँड रोलचा धुमाकूळ सुरू होऊन दोन-तीन वर्षंच झालेली. किशोरकुमार आणि आशा भोसले, दोघांच्या आवाजांत ते गाणं आहे. त्यातले निरर्थक बोल मुलांच्या खेळातल्या मोजणीवरून सुचले, आणि त्यांच्यात कोकणीतले ‘मला नको’ अशा अर्थाचे दोन शब्द जॉन गोम्स या अण्णांच्या गोवेकर सहकाऱ्याने घातले, असं सांगतात. मला ही हकीकत फार आवडते. देशात पोचलेल्या पहिल्या रॉक गाण्यांपैकी एक, ते केलं पुणतांब्याच्या माणसाने, आणि त्यात धोबीतलावची कोकणी. बेंजोवर मात्र ते कधी नीट बसलं नाही. वेग फार, आणि आमच्या की अडकायच्या.

अण्णा ५ जानेवारी १९८२ ला गेले. तेरा दिवसांनी, १८ जानेवारीला, गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वर्षी गणपती आले तेव्हा संप आठव्या महिन्यात होता. वर्गणी जमली नव्हती. मंडळाने मूर्ती लहान केली आणि आम्ही सुपारी घेतली नाही, चहा-वडापाववर वाजवलं. वडील आले, पण कर्ण्यासमोर आले नाहीत. कडेला, विजेच्या खांबापाशी उभे राहिले. मी ‘भोली सूरत’ उचललं तेव्हा मुद्दाम त्यांच्याकडे पाहिलं. हात छातीपर्यंत आले होते. पाय हलले नाहीत. पुढच्या वर्षी ते गावी गेले आणि तिथेच राहिले.

भगवानदादांकडेही काही उरलं नव्हतं. ‘अलबेला’च्या पैशांवर घेतलेला बंगला गेला, गाड्या गेल्या, आणि ते दादरच्या चाळीत राहायला आले. मिरवणुका त्यांच्या घरासमोर थांबायच्या आणि दादा खाली येऊन दोन पावलं टाकायचे, असं दादरची माणसं सांगतात. २००२ च्या फेब्रुवारीत ते गेले. तोवर रस्त्यावर डीजेच्या भिंती आल्या होत्या, आणि आमची पार्टी मोडली होती.

ती मोडण्याआधीची गोष्ट. छापखान्यात एका कूडीच्या कार्यक्रमाची पत्रिका छपाईला आली होती, तिची प्रुफं घेऊन मी धोबीतलावला गेलो. तिथे एक म्हातारे अंकल होते, बँडमध्ये आणि सिनेमात दुसरा ट्रम्पेट वाजवलेले. दात गेल्यावर ट्रम्पेट सुटला होता. मी बेंजो वाजवतो हे कळल्यावर त्यांनी ट्रंकेतून पिवळे पडलेले कागद काढले. पाच रेघा, त्यांच्यावर काळे ठिपके. आयुष्यभर मी उलटे खिळे सरळ वाचत आलो, पण त्यातलं मला अक्षर कळेना. अंकलनी एका कागदावर बोट ठेवून शीळ घातली आणि मी ओळखलं. अण्णांचा पीस. आम्ही नेहमी वाजवायचो तोच.

पुढच्या रविवारी मी बेंजो घेऊन गेलो. साधा, विजेशिवाय. ट्रंकेवर ठेवून वाजवला. ते कागदावर बोट फिरवत माझ्यामागून येत होते. लांब सुराच्या जागी मनगट पळायला लागलं तसं बोट थांबलं.

‘‘हें म्हजें न्हय,’’ ते म्हणाले. हे माझं नाही.

मी सांगितलं की तार विझते अंकल, म्हणून सारखी छेडावी लागते. त्यांनी मला ती जागा परत वाजवायला लावली. मग आणखी तीनदा. डोळे मिटून ऐकलं. खिशातून पेन्सिल काढली, आणि त्या एका लांब सुराच्या दांडीवर बारीक तिरक्या रेघा ओढल्या, एकाखाली एक, तीन. कोपऱ्यात लिहिलं, बेंजो.

तो कागद त्यांनी मला दिला. अजून घरी आहे, पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला.